चांगूचं पान

चांगूला मी दोनदा मारला. पहिल्यांदा आंबेनळीच्या घाटात, वाघाकडून. दुसऱ्यांदा खाली कापड्याच्या शाळेत, तलाठीबाईसमोर, माझ्याच तोंडानं. पहिल्या वेळेला काय वाटलं नव्हतं. दुसऱ्या वेळेला घरी येऊन पडवीत पाय पसरून बसली, ती उठेचना.

चांगू म्हणजे माझा दीर. म्हणजे नव्हताच. थांबा, नीट सांगते. खोटं सांगायला आता दम राहिला नाय. खोट्याला लय लक्षात ठेवावं लागतं, आणि मला तर चष्मा डोळ्यावर असताना घरभर चष्मा शोधायची सवय लागली हाय.

मी तुळसा. कापड्याच्या वर डोंगरात आमची वाडी, अठरा घरांची. माझ्या घरात दोघीच, मी आणि राही. लेक मुंबईला, दिव्याला. नात सेजल रविवारी फोन करते आणि सांगते, "आजी, वाघाची सांग." मी सांगते. दर वेळेला वाघ हातभर लांब होतो. आता तो एवढा झाला हाय की घाटात वळायचा नाय.

राही मात्र खोटं बोलत नाय. जन्मात बोलली नाय. काशीबाई शेजारीण मोठ्या हौसेनं शिरा घेऊन आली की राही एक घास खाऊन सांगणार, "कच्चा हाय." पाहुणा बोलला "बसतो घडीभर", तर ही बोलणार, "बसा, पण दूध नाय." वाडीत म्हण झाली हाय, तुळसाचं ऐकावं आणि राहीला विचारावं.

रेशनकार्डावर राही माझी जाऊ. कैलासवासी चांगूची बायको.

तर दोन वर्षांमागच्या पावसात वरच्या डोंगराला भेग पडली. हात आत जाईल एवढी. साहेब आले, दोऱ्या लावल्या, फोटो काढले आणि सांगितलं, वाडी उठवायची. खाली माळावर नवी घरं. कुटुंबाला एक घर.

आता कुटुंब म्हणजे काय? कोणी तरी वाडीत येऊन सांगितलं, ज्याची चूल वेगळी, त्याचं कुटुंब वेगळं. झालं! तीस वर्षं एका ताटात जेवलेले भाऊ, त्यांच्या एका दिवसात दोन चुली झाल्या. सासवा-सुना दाराआड भांडायच्या, त्या आता अंगणात येऊन भांडायला लागल्या, लोकांना ऐकू जावं म्हणून.

त्याच दिवसांत मी राहीला डोळे दाखवायला पोलादपूरला घेऊन गेली. संध्याकाळी घरी येते तर पडवीत चूल! तीन दगड, वर लिंपण, भिंतीला काजळी फासलेली. काशीबाई कमरेवर हात ठेवून उभी.

"वैनी, तुमचं काम करून टाकलं. राख पण आमच्या घरची आणून घातली, दोन घमेली. तुम्ही जावा-जावा, दोन घरं हक्काची तुमची. एकात राहा, एक भाड्यानं द्या."

आता हिला काय बोलायचं? माणसानं वाईट केलं तर शिव्या देता येतात. चांगलं केलं तर काय द्यायचं?

राही चुलीकडे बघत राहिली. "ओली हाय," एवढंच बोलली.

सकाळी मोडू बोलली मी. पण सकाळीच सर्वेवाले आले. दोन चुली मोजल्या. रेशनकार्ड बघितलं. त्यातला एक पोरगा सहज बोलला, "आजी, हे चांगू कसे वारले?" आणि माझी जीभ! इतक्या वर्षांची सवय. मी बैठक मारली आणि वाघापासून चालू झाली. घाट, धुकं, कंदील, चांगूचं एकच पायताण उरलेलं. पोरं लिहायचं सोडून ऐकत बसली. चहा पाजून पाठवली त्यांना.

चूल काशीबाईनं घातली, पण जाळ मी घातला. हे मला कबूल हाय.

यादी लागली. चार नंबरचं घर माझं, सत्तावीस नंबरचं राहीचं. एक माळाच्या ह्या टोकाला, एक त्या टोकाला. मी हसली. बोलली, पांघरूण घेऊन चालत येत जाईन, त्यात काय. हसू टिकलं चार दिवस. पाचव्या दिवशी दासगावहून राहीचा भाचा मंगेश आला. पेढे घेऊन.

"आत्या, नशीब काढलंस! स्वतःचं घर! आमचं दासगावचं दर पुरात सावित्रीत जातं. मी पोराबाळांना घेऊन येतो तुझ्यापाशी. वारसाचा कागद करून टाकू. घर बांधून होईपर्यंत तू आमच्याकडे चल. दसरा झाला की टेम्पो घेऊन येतो."

राही तांदूळ निवडत होती. सुपातून मान वर केली नाय.

"आणि मी रे?" मी विचारलं.

"मावशी, तुम्हाला काय, तुमचा लेक हाय ना."

वाईट पोरगा नाय तो. पूर त्यानं छातीपर्यंत बघितला हाय. आणि लेकाचा पण फोन आलाच. "आई, राहीकाकूला एकटी कसं सोडू, एकटी कसं सोडू, हेच ऐकतोय इतकी वर्षं. आता तिची सोय झाली. आता तू इकडे ये. हे चार नंबरचं मी बंद करून ठेवतो."

म्हणजे बघा. दोन घरं मिळाली आणि दोघींनी राहायला एक पण नाय. ती दासगावला, मी दिव्याला तिसऱ्या माळ्यावर. ह्या वयात गेलेलं माणूस परत भेटत नसतं.

मंगेश गेल्यावर राहीनं सूप खाली ठेवलं. "मी जायची नाय."

"मग सांगायचं ना त्याला तोंडावर!"

"तू केलंस. तू निस्तर."

मी काय केलं, ते ऐका.

दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मला लग्न होऊन तीन वर्षं झालेली, पोरगा मांडीवर. सयाजी, माझा नवरा, मुंबईला गिरणीत. आवणाला, म्हणजे भातलावणीला, माणसं कमी म्हणून दासगावहून बाया आणलेल्या, त्यात राही. लहानपणीच लग्न झालेलं, नवरा सहा महिन्यांत तापानं गेलेला. त्याचं नाव तिच्या भावाला पण धड आठवायचं नाय. भावाच्या घरी नुसतं राबणं.

लावणी करताना आम्ही एका ओळीत. पावसात तिच्या पाठीवरचं इरलं वाऱ्यानं फाटलं. इरलं असतं एका वाकलेल्या पाठीपुरतं, दोघींचं नसतंच. मी तिला आत घेतली. दोघींच्या अर्ध्या पाठी भिजल्या आणि अर्ध्या सुक्या राहिल्या. बाकीच्या बाया परत गेल्या. ती बोलली, "भात कापायला माणूस लागेल ना?" मी बोलली, "लागेल." भात कापलं. मग बोलली, "झोडायला?" मग शेणी थापायला, मग लाकडं फोडायला. काम संपेना आणि ती जाईना. थंडीत एकच वाकळ होती. नंतर दुसरी शिवली, ती पाहुण्यांना.

पुढचं तुम्ही समजा. माझा संसार तिथं झाला. ह्याला काय बोलतात ते तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. नाव नव्हतं म्हणून कोणी नाव ठेवलं पण नाय.

शिमग्याला सयाजी आला. दोन दिवस बघितलं त्यानं. जाताना बोलला, "बरं झालं, तुला सोबत झाली." त्याची सोबत मुंबईला होती. रावजी नावाचा. लालबागला गावकीची खोली, चाळीस माणसं, पाळीपाळीनं निजायची. ह्यांची दोघांची वळकटी एक, पण एकाची दिवसपाळी, एकाची रातपाळी. एकाच्या अंगाची ऊब दुसऱ्यानं घ्यायची. सुट्टीच्या वारी काय ती भेट. हे मला सयाजीनंच सांगितलं, पाठ करून, भिंतीकडे तोंड करून. मी काय विचारलं नाय. त्यानं पण मला काय विचारलं नाय. एवढा चांगला नवरा वाडीत दुसरीला मिळाला नसंल.

पण वाडी विचारते. सासू विचारायची, ही बया जात का नाय? मग आणीबाणीच्या टायमाला रेशनकार्डाचा कारकून विचारायला लागला, ही कोण? सयाजी जन्मात एकदाच खोटं बोलला. "भावाची बायको. भाऊ वारला." घरी येऊन बोलला, आता भाऊ आणू कुठनं? त्याला तर भाऊच नव्हता! मग मी पुढचं जुळवलं. सासऱ्याची मुंबईत दुसरी बायको होती, तिचा पोरगा चांगू, राही त्याची विधवा, आवणाला आली तेव्हा मला पण ठाऊक नव्हतं, बोलता बोलता नातं निघालं. सासूनं एका दमात मानलं. नवऱ्याबद्दल वाईट काय पण सांगा, तिला खरंच वाटायचं. सासऱ्याच्या फोटोकडे बघून आठ दिवस शिव्या घातल्या आणि राहीला बोलली, "राहा गो. तुझी काय चूक."

मग चांगूला घालवायला काय तरी पाहिजे, म्हणून वाघ. आपल्या भावाला भेटायला येत होता बिचारा, घाटात गाठला. आणि मेला म्हणजे पितृपक्षात पान आलं. दर वर्षी आम्ही कौलावर पानं ठेवायचो, सासऱ्याचं आणि चांगूचं. सासऱ्याच्या पानाला शिवायला कावळा दुपार करायचा. चांगूचं पान ठेवायचा अवकाश, झडप घालून न्यायचा. सासू बोलायची, "बघ, केवढा भुकेला जीव!"

संप झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी सयाजी छातीच्या दुखण्यानं गेला. त्याची ट्रंक घेऊन रावजी आला. कपडे धुतलेले, इस्त्री केलेले, मध्ये कडुलिंबाचा पाला. माझ्या पोरानं डोकं केलं, तर रावजीनं पण केलं, मिशी पण काढली. वाडी बोलली, मित्र असावा तर असा. तेरा दिवस तो ह्याच पडवीत बसून होता. कुंकू माझं पुसलं, पण विधवा झाला तो रावजी. त्याला रडायला एक गोष्ट पण कोणी रचून दिली नाय. मी द्यायला पाहिजे होती. माझ्याकडे एवढ्या होत्या.

असं सगळं.

तर हरकतीची तारीख लागली, गणपती गेल्यावर. मी सब्बल घेतली, पडवीतली चूल मोडायला. पहिला घाव घालते तोच काशीबाई धावत.

"वैनी, पाया पडते! तुमची चूल खोटी निघाली तर आमची पण निघंल. सगळ्यांच्या परत बघतील. माझ्या दोघा पोरांचं कसं होईल?"

"अगो पण मला ते दुसरं घर नको हाय."

"नको तर नको. पण चुलीचं नाव काढू नका."

सब्बल कोपऱ्यात ठेवली. ज्यांनी दोन घमेली राख स्वतःच्या डोक्यावरून आणली, त्यांची घरं घालवू? चुलीचं नाव काढायचं नाय, मग उरलं कोण? चांगू.

कापड्याच्या शाळेत लहान पोरांची बाकडी. गुडघे छातीला लावून अख्खी वाडी बसलेली. मंगेश पण आलेला, नवा शर्ट घालून. टेबलाशी तलाठीबाई, दीक्षा नावाची. महाडची पोरगी, तळ्याच्या बाजूला घर. सकाळपासून लोकांचं ऐकून डोळे लाल झालेले, बाटलीतलं पाणी संपलेलं.

"बोला आजी. काय हरकत आहे तुमची?"

"एक घर काढून टाका."

तिनं मान वर केली. दिवसभरात असं कोणी मागितलं नसणार.

"काढून? लोक इथे एक वाढवून मागतायत."

"राहीला वेगळं काढलंय, ते चुकीचं हाय. आम्ही एक कुटुंब."

"त्या तुमच्या जाऊ ना? मग दीर वेगळा, त्यांचा वारस वेगळा. चांगू..."

"चांगू नव्हताच."

"म्हणजे?"

"म्हणजे मला दीर नव्हता. मी रचला तो."

मागून काशीबाईचा नवरा दत्ताराम ताडकन उठला. पंच्याहत्तरीचा म्हातारा, पण आवाज ढोलासारखा. "मॅडम, हिचं ऐकू नका! चांगू नव्हता कसा? माझ्याबरोबर शिमग्याला नाचलाय! डाव्या पायानं जरा लंगडायचा."

"दत्ताराम, अरे तो वाडीत कधी आलाच नाय! वाटेतच खाल्ला ना वाघानं!"

"तो शेवटच्या वेळेला, वैनी. आधी आलेला. माझी विडी घेतलेली त्यानं, अजून दिलेली नाय."

बाकड्यांवर हसणं फुटलं. दुसरा बोलला, त्याच्या बापानं चांगूचं पायताण पुरलं. एक म्हातारी बोलली, देखणा होता गो. माझाच चांगू, माझ्यावर उलटला! एवढा जिवंत तर तो माझ्या घरात पण नव्हता.

तलाठीबाईनं पेन खाली ठेवलं. "आजी, कार्डावर नाव आहे, साक्षीदार आहेत. तुम्ही एकट्याच म्हणताय नव्हता. बरं, नव्हता समजू. मग ह्या तुमच्या कोण?"

माझ्याकडे सात गोष्टी तयार असायच्या. सावित्रीच्या पुरात दाराच्या फळीवर बसून आली, देवीनं स्वप्नात पाठवली, कायबाय. तिथं एक पण सुचेना. दमली होती मी. बोलली, "आमचा संसार हाय. दोघींचा."

"घ्या!" दत्ताराम मांडीवर हात मारून बोलला. "आता नवीन गोष्ट! वाघ कुठं हाय ह्यात?"

सगळी शाळा हसली. मंगेश पण. जन्मात एकदा खरं बोलली आणि त्याला सगळ्यात जास्त हसले.

तेव्हा राही उठली. बाकड्यात अडकलेली, काशीबाईच्या खांद्याला धरून उठली.

"चांगू नव्हता," ती बोलली. "माझा नवरा दुसराच होता, तो दासगावात तापानं गेला. मी आवणाला आली आणि हिच्यासाठी राहिली. बावन्न वर्षं एका वाकळेत निजतो आम्ही. मला वेगळं घर नको."

आणि बसली.

हसणं थांबलं. माझं बोलणं असतं तर हसले असते अजून. पण राही बोललेली. राहीनं शिरा कच्चा सांगितला की तो कच्चा असतो.

मंगेश उठला. "आत्या, येड लागलंय काय! चार लोकांत काय बोलतेस!"

"खरं बोलते," राही बोलली. "तू पुरात पोरं घेऊन कुठं जाणार, ते पण मला कळतंय रे. तुझ्यासाठी वेगळा अर्ज कर. माझ्या नावानं नको."

तलाठीबाई आमच्याकडे बघत होती. पहिल्यांदा मला, मग राहीला. मग कागद उलटला. "पण आजी, पाहणीत दोन चुली दिसल्यात." आणि विचारलं कोणाला? राहीला! "वेगळा स्वयंपाक करत होता का तुम्ही?"

काशीबाईनं डोळे मिटले. राहीचं तोंड उघडायला लागलं आणि मी मधेच घुसली.

"भांडलो होतो! माझ्या तोंडाला कंटाळून हिनं पडवीत चूल मांडली. रुसवा गो, दुसरं काय. तुझं लग्न झालंय ना? मग तुला ठाऊक हाय."

"आणि आता?"

"आता मिटलं."

पोरीच्या ओठाच्या कोपऱ्यात काय तरी हललं. तिला कळलं का? मला वाटतं सगळं कळलं, अठराच्या अठरा घरांचं. पण तिनं पेन उचललं. "चांगूचं मी काही लिहीत नाही. दोघी एकत्र राहतात, एकत्र राहू इच्छितात, एवढंच लिहिते. सत्तावीस नंबर रद्द. नातं..." बोट रकान्यावरून खाली सरकत गेलं. "पती, पत्नी, मुलगा, सून, सासू... आजी, तुमचं यात नाहीये. इतर लिहिते. चालेल?"

"बावन्न वर्षं संसार केला आणि इतर?"

"तुळशे," राही बोलली, "गप. अंगठा लाव."

येताना जीपमध्ये कोणी बाजूला सरकलं नाय, तसं कोणी जवळ पण आलं नाय. दत्ताराम खिडकीबाहेर बघत होता. वाडी आली, उतरलो, तेव्हा हळूच बोलला, "वैनी, खरंच नव्हता?"

"नव्हता रे."

"मग माझ्याबरोबर नाचला तो कोण?"

काशीबाई आमच्या दारावरून तशीच पुढं गेली. दुसऱ्या दिवशी पण गेली. तिसऱ्या दिवशी शिरा घेऊन आली, उंबऱ्यावर ठेवून गेली. राही बोलली, "आज शिजलाय."

लेकाचा फोन आला. त्याला वाडीतल्या कोणी तरी सांगितलेलं. पावसापाण्याचं विचारलं. मग बोलला, "काकूच्या डोळ्यांचं औषध संपलं असंल ना?" आणि ठेवला. पुढचं काय असंल ते तो आणि त्याचा देव बघून घेईल. मला आता सगळ्यांची तोंडं वाचायचा कंटाळा आलाय.

पितृपक्ष लागला. मी दोन पानं घेतली, सासऱ्याचं आणि सयाजीचं. तिसरं हातात आलं सवयीनं, ते परत ठेवलं. चार लोकांत नव्हता बोलली, मग आता कुठल्या तोंडानं वाढू? पण मन लागेना. पन्नास वर्षं त्या बिचाऱ्यानं आमचं घर राखलं. जन्म नाय घेतला, लग्न नाय केलं, वाघाच्या तोंडात गेला, तो पण आमच्यासाठी. आणि मी त्याला शाळेत उभा करून पुसून टाकला.

राही चुलीपाशी बसलेली. एकाच, आतल्या चुलीपाशी. पडवीतली अजून तशीच हाय, काशीबाईची घरं पक्की होईपर्यंत मोडायची नाय. माझ्याकडे बघितलं तिनं. मग वाकून तिसरं पान ओढलं, पाण्यानं पुसलं, भात वाढला.

"काय करतेस?" मी बोलली. "चांगू नव्हता ना?"

तिनं अळूच्या भाजीचा डाव भरला आणि भातावर ओतला. वर परत एक.

"त्याला अळू लय आवडायचं," राही बोलली.